थांबण्याचें शहाणपण

भाजी चिरतांना बोट कापतें. आठ-दहा दिवसांत जखम भरून येते. ती भरली कशी, याचें उत्तर सोपें आहे: काठावरील पेशी विभागल्या, एकीच्या दोन, दोहोंच्या चार झाल्या. पण काम होतांच त्या थांबल्या कशा, हें आपण क्वचितच विचारतों. आमच्या मतें खरें नवल तेथेंच आहे.

विभाजन म्हणजे भाकरीचे दोन तुकडे करणें नव्हे. मनुष्याच्या पेशींत ४६ गुणसूत्रें असतात. पेशी प्रथम वाढते, मग प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत उतरविते, पुन्हा कांहीं काळ तयारी करते आणि शेवटीं सूक्ष्म तंतूंच्या साह्यानें त्या जोड्या विलग करून दोन्ही लेकींना सारखा वांटा देते. हा अखेरचा सोहळा जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनीं १८८२ मध्यें ग्रंथरूपानें वर्णिला.

या वाटेवर चौक्या आहेत, असें लेलंड हार्टवेल यांस यीस्टच्या पेशींत आढळून आलें. प्रत नीट उतरली काय? तंतू दोहों बाजूंनीं जुळले काय? खात्री पटेपर्यंत पेशी पुढें पाऊल टाकीत नाहीं. प्रत्येक फेरींत सांठणारें व फेरी संपतां नाहींसें होणारें ‘सायक्लिन’ हें प्रथिन टिम हंट यांनीं १९८२ च्या सुमारास शोधिलें. तर यीस्ट आणि मनुष्य यांच्या पेशींचें हें चक्र एकाच जातीच्या जनुकानें चालतें, हें पॉल नर्स यांनीं १९८७ मध्यें दाखविलें. तिघांस २००१ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

चौक्या ढासळल्या कीं कर्करोगास वाव मिळतो. तो बाहेरचा शत्रु नव्हे. थांबण्याचें विसरलेली ती आपलीच पेशी होय. आपल्या अंगणांतील सदाफुलीपासून मिळणारें व्हिन्क्रिस्टिन हें औषध विभाजनाचे तंतूच जुळूं देत नाहीं, म्हणून पेशी अर्ध्या वाटेवर अडकून मरते. केसांच्या मुळांशीं सदैव विभागणाऱ्या पेशीहि त्यांत सांपडतात. यास्तव रोग्याचे केस गळतात. त्या पानांचा काढा घरीं करून पिण्याचें साहस मात्र कोणी करूं नये.

आमच्या भगिनींस एकच विनंति. स्तनांतील गांठ संकोचापायीं लपवूं नका. तोंडांतील व्रण तीन आठवड्यांत भरला नाहीं, तर डॉक्टरांस दाखवा. पेशी थांबण्याचें विसरली असल्यास आपण तरी थांबून राहूं नये.