विसरणारी तबकडी आणि बिनतारी किल्ली

संगणक म्हटला की साठवण आलीच, असे आपण धरून चालतो. पण काहीही न साठवणारी, बंद करताच सारे विसरणारी प्रणालीही असते. ओळखीच्यांचे ‘भंगारात काढा’ म्हणून सोडून दिलेले संगणक तपासताना मी वर्षानुवर्षे तीच वापरत आलो आहे: लिनक्सची लाइव्ह सीडी.

जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली ‘नॉपिक्स’ प्रसिद्ध केली आणि ही कल्पना सर्वदूर पोहोचली. ७०० मेगाबाइटच्या सीडीवर सुमारे २ गीगाबाइट सॉफ्टवेअर दाबून बसवलेले असे. हवा तो भाग वाचतानाच उलगडत असे. सीडीवर लिहिता येत नाही, म्हणून सगळे बदल तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये होतात. हार्ड डिस्कला आपण हात लावला नाही, तर तिच्यावर ओरखडाही उमटत नाही. विंडोज सुरू होत नसलेल्या संगणकातले घरचे फोटो आणि हिशेब यामुळेच बाहेर काढता येतात.

अडते ते बिनतारी जोडणीपाशी. केबल लावली तर बहुधा काही विचारले जात नाही. वाय-फायला मात्र तीन गोष्टी लागतात.

पहिली, कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर. दुसरी, फर्मवेअर. अनेक वाय-फाय चिपांना स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्याच्या सूचना चिपमध्ये कायम नसतात, प्रत्येक वेळी संगणकाने त्या भराव्या लागतात. या सूचना उत्पादकाच्या मालकीच्या, त्यांचा मूळ मजकूर बंद. म्हणून मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरणारे डेबियन त्या वेगळ्या ठेवत असे. २०२२ साली सभासदांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या अधिकृत प्रतीतच येऊ लागल्या. तत्त्वाला मुरड पडली खरी. पण फर्मवेअर इंटरनेटवरून आणायचे आणि इंटरनेटसाठी फर्मवेअर हवे, हा पेच सुटला.

तिसरी गोष्ट किल्ली. १९९७ च्या मूळ मानकातील ‘वेप’ पद्धतीत प्रत्येक पाकिटासाठी किल्लीला २४ बिटांचा आकडा जोडला जाई. असे आकडे १,६७,७७,२१६ एवढेच. गजबजलेल्या जाळ्यात ते काही तासांत संपून पुन्हा येऊ लागत. २००१ साली फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी त्यातील आरसी-४ च्या वापराची मूलभूत कमजोरी दाखवली. २००३ साली ‘डब्ल्यूपीए’, तर २००४ साली ‘डब्ल्यूपीए-२’ आले. घरगुती जाळ्यात यांचा पासवर्ड हवेतून जातच नाही. पासवर्ड आणि जाळ्याचे नाव ४,०९६ वेळा घुसळून २५६ बिटांची किल्ली बनते. मग चार संदेशांत दोन्ही बाजू ती आपल्याकडे असल्याचे सिद्ध करतात. जाळ्याचे नाव हाताने लिहिताना लहान-मोठे इंग्रजी अक्षर चुकले तरी जोडणी होत नाही. लिनक्समध्ये हे काम बहुधा ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ करतो. सप्लिकंट म्हणजे याचक, दारात उभा राहून प्रवेश मागणारा.

तेव्हा जोडणी होत नसेल तर आधी दोष कुठल्या पायरीवर आहे ते पाहावे. बिनतारी कार्डच दिसत नसेल, तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअर. ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलचे संदेश वाचले की हव्या असलेल्या फाइलचे नाव बहुधा तिथेच मिळते. आसपासची जाळी दिसतात पण आत घेतले जात नाही, तर किल्ली तपासावी. आत गेलो पण पाने उघडत नाहीत, तर पत्ता मिळाला आहे का ते पाहावे.

उरतो तो विसरण्याचा प्रश्न. दर वेळी पासवर्ड लिहायचा कंटाळा, म्हणून लोक पेनड्राइव्हवर कायमची जागा राखतात. ती कूटबद्ध नसेल, तर किल्ली तिथे उघडी पडून असते. पासवर्डाऐवजी तयार २५६ बिटांची किल्ली ठेवली तरी फरक पडत नाही. आत शिरायला तीच पुरते. पेनड्राइव्ह हरवला, की घराचे जाळे सापडणाऱ्याच्या हाती. म्हणून राखीव जागा कूटबद्ध करावी; ते जमत नसेल, तर पासवर्ड दर वेळी हाताने लिहावा. दुसऱ्याच्या संगणकावर, दुसऱ्याच्या घरी बसलेलो असताना मी दुसरा मार्गच धरतो. काम संपवून संगणक बंद केला, की त्या घराची किल्ली माझ्याजवळ उरत नाही.