ज्ञानकोशातील बाह्य दुवा : निर्देश आणि पुरावा

कोशातील एका नोंदीतून वाचकाला अन्यत्र नेण्याची प्रथा नवी नव्हे. मराठी विश्वकोशात मजकुराच्या ओघात येणारा बाण वाचकास त्याच कोशातील दुसऱ्या नोंदीकडे नेतो, तर नोंदीच्या अखेरीस दिलेली संदर्भग्रंथांची सूची त्याला कोशाबाहेर नेते. २००१ साली इंग्रजीत व २००३ साली मराठीत सुरू झालेल्या विकिपीडियाने हे दोन्ही मार्ग स्वीकारले. परंतु तेथे बाहेरचे ग्रंथालय एका टिचकीच्या अंतरावर आले, आणि त्यामुळे 'बाहेर पाहा' असे सांगण्याचे दोन अगदी भिन्न हेतू एकमेकांत मिसळून गेले.

तांत्रिक कृती फार सोपी आहे. कोशांतर्गत लेखाचे नाव दुहेरी चौकटी कंसात लिहिले की अंतर्गत दुवा तयार होतो. एकेरी चौकटी कंसात संकेतस्थळाचा पत्ता, त्यापुढे एक मोकळी जागा आणि मग शीर्षक लिहिले की बाह्य दुवा होतो. या दोहोंतील खरा भेद मात्र दिसण्यापुरता नाही. अंतर्गत दुव्याचा लेख अस्तित्वात नसेल तर ती अक्षरे तांबडी होतात, कारण आपल्या घरात काय आहे व काय नाही हे कोशाच्या यंत्रणेस ठाऊक असते. बाह्य दुव्याचे पान नष्ट झाले तरी त्याचा निळा रंग तसाच राहतो. मृत दुवा जिवंत दुव्यासारखाच दिसतो, ही या विषयातील सर्व अडचणींची जननी होय.

येथे शब्दाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. 'दुवा देणे' याचा मराठीतील जुना अर्थ आशीर्वाद देणे असा आहे. तो दुवा अरबी 'दुआ'चा वंशज. साखळीतला दुवा निराळा. नव्या संपादकाला हा भेद जाणवत नसावा, कारण आपण जोडलेला प्रत्येक दुवा लेखावर कृपाच करतो अशा समजुतीने तो दुव्यांची रास घालतो.

लेखाच्या शेवटी 'संदर्भ' आणि 'बाह्य दुवे' असे दोन विभाग असतात. संदर्भ हा पुरावा आहे: लेखातील अमुक विधान कशाच्या आधारे केले, हे तो सांगतो. बाह्य दुवा हा केवळ निर्देश आहे: लेखात समाविष्ट करता आले नाही, परंतु वाचकास उपयोगी पडेल असे काही अन्यत्र आहे, एवढेच त्याचे म्हणणे. पहिल्यावाचून लेख निराधार होतो. दुसऱ्यावाचून लेखाचे बहुधा काहीही बिघडत नाही. पुष्कळ मराठी लेखांत मात्र विधानांना आधार नसतो आणि तळाशी आठदहा दुवे असतात. हे दुवे पाहून लेख साधार आहे असा भास विद्यार्थ्याला होतो. यापेक्षा दुवे नसते तर बरे, असेच म्हणावे लागेल.

बाह्य दुवे मोजके असावेत व ते लेखाच्या मुख्य मजकुरात येऊ नयेत, असा इंग्रजी विकिपीडियावरील संकेत आहे. संस्थेवरील लेखात त्या संस्थेचे अधिकृत स्थळ चालते. स्वतःच्या लेखनाचा दुवा स्वतःच जोडणे अनुचित मानले जाते. स्वामित्वहक्काचा भंग करून चढविलेल्या प्रतींचे दुवे तर वर्ज्यच. भारतात हा हक्क सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांच्या प्रती २०११ पासून येथे मुक्तपणे देता येतात, पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यांच्या बाबतीत ही सवड नाही. जाहिरातीसाठी दुवे घुसविण्याचा उपद्रव इतका वाढला की, शोधयंत्रांनी या दुव्यांना वजन देऊ नये अशी सूचना देणारी 'नोफॉलो' खूण इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २००७ मध्ये सर्व बाह्य दुव्यांना लावली. लोभ त्याने कमी झाला. नाहीसा झाला नाही.

दुवे मरतात ते अनेक प्रकारे. २००९ साली याहूने जिओसिटीज ही सेवा बहुतेक देशांत बंद केली तेव्हा असंख्य वैयक्तिक पाने एकदमच गेली. कधी मजकूर शाबूत असतो, पण स्थळाचा पत्ता बदलतो. मराठीपुरता आणखी एक प्रकार आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीची अनेक मराठी स्थळे स्वतःच्या खास टंकांवर अवलंबून होती. तो टंक संगणकावर नसेल तर पान उघडते, पण अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. पान आहे आणि भाषा नाही, अशी ही चमत्कारिक अवस्था होय.

यावर काही प्रमाणात उपाय आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या इंटरनेट अर्काइव्हकडे जुन्या पानांच्या प्रती जतन केलेल्या आहेत, आणि विकिपीडियावरील ९० लाखांहून अधिक तुटलेले दुवे त्यांच्या साहाय्याने सावरल्याचे त्या संस्थेने ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केले. परंतु प्रत शोधावयाची तर मूळ पान कोणते होते हे कळले पाहिजे. देवनागरी पत्त्यांत ही अडचण विशेष जाणवते. 'पुणे' हा शब्द युनिकोडमध्ये चार चिन्हांचा: प, उकार, ण, एकार. पत्त्यात त्यांतील प्रत्येक चिन्ह सांकेतिक रूपात नऊ अक्षरे व्यापते. म्हणजे दोन अक्षरी पुण्यासाठी छत्तीस चिन्हे लागतात, आणि ती मानवी डोळ्यास काहीच सांगत नाहीत. म्हणून नुसता पत्ता चिकटविण्याऐवजी लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रसिद्धीचा दिनांक आणि पान पाहिल्याचा दिनांक लिहावा. पत्ता गेला तरी या तपशिलावरून तोच मजकूर छापील अंकात अथवा दुसऱ्या स्थळी शोधता येतो.

दुवा मृत आढळल्यावर काय करावे, याचे उत्तरही वरील भेदातूनच निघते. 'बाह्य दुवे' या विभागातील मृत दुवा, त्याची जतन केलेली प्रत वा नवा पत्ता न मिळाल्यास, खुशाल काढून टाकावा. संदर्भातील मृत दुवा मात्र केवळ तो मृत आहे एवढ्यासाठी पुसू नये. त्यावर तशी खूण करून तपशील जागीच ठेवावा, कारण ते विधान कोणत्या आधारावर उभे होते, याची नोंद बहुधा तेवढीच उरलेली असते.