दागिन्याचे मोल : मोडीचे वेगळे, विम्याचे वेगळे



ऊस तुटून गेला आणि बिल यायला अवकाश असला, तरी खर्च काही थांबत नाही. खोडव्याचे खत, पोरांची फी, दवाखाना. अशा वेळी नजर कपाटातल्या डब्याकडे जाते. गट ऑफिसात बेण्याच्या गोष्टी निघतात तसा हाही प्रश्न निघतो : "साहेब, व्हॅल्युएशनच्या दाखल्यावर तीन लाख सतरा हजार लिहिलंय आणि सराफ दोन लाख सहासष्ट म्हणतोय. मग खोटं कोण?"

बहुतेक वेळा दोघेही खरे असतात. दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. विम्यासाठीचा दाखला सांगतो, की दागिना चोरीला गेला तर तसाच नवा करायला किती पडतील. सराफ बघतो, की हा आटवला तर हाती सोने किती लागेल.

हिशेब मांडू. सोपे जावे म्हणून शुद्ध सोन्याचा भाव १० ग्रॅमला १ लाख रुपये धरू. गंठण ३२ ग्रॅमचे, त्यात काळे मणी २ ग्रॅम. म्हणजे सोने ३० ग्रॅम. ते २२ कॅरेटचे, म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध. शुद्ध सोने भरले २७.४८ ग्रॅम, किंमत २,७४,८०० रुपये.

नवे करायचे तर यावर घडणावळ आली. १२ टक्के धरली तर ३२,९७६ रुपये. एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी ९,२३३ रुपये. बेरीज ३,१७,००९. हा झाला दाखल्याचा आकडा.

मोडताना घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत. वर घट धरतात. ती ३ टक्के धरली तर हाती २,६६,५५६ रुपये. फरक पन्नास हजारांवर गेला. बोअरचा किंवा ऑपरेशनचा खर्च दाखल्याच्या आकड्यावर बेतला, तर ऐन वेळी तेवढेच पैसे कमी पडतात.

आपल्याला हे नवीन नाही. काट्यावर उसाचे वजन होते, पण साखर उताऱ्याप्रमाणेच पडते. ठुशी, बोरमाळेचे तसेच. आतली लाख आणि खडे वजनात येतात, सोन्यात येत नाहीत. बँक किंवा पतसंस्थेचे तारण कर्जही दागिन्यातल्या सोन्याच्याच किमतीवर, आणि तिच्या काही टक्केच मिळते. तिथे घडणावळ धरत नाहीत.

आता विम्याकडे. मोडीच्या किमतीला विमा उतरवला तर नुकसानीनंतर तसा दागिना होणार नाही. उगाच फुगवलेला आकडा लिहिला तर हप्ता जादा जातो, आणि दावा मंजूर होताना तेवढे मिळतीलच असे नाही. सोन्याचा भाव वाढला की दाखला नवा करून घ्यावा. २०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत दागिन्यांसाठी जादा संरक्षण घेता येते. मात्र नुसत्या घरफोडीचे संरक्षण त्यात आपोआप येत नाही, ते वेगळे विचारून घ्यावे.

"लॉकरमध्ये आहे, मग काळजी कसली?" असे कोणी म्हणेल. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे आग, चोरी, दरोडा किंवा नोकराच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच आहे. भाडे २,००० असेल तर २ लाख. पूर, भूकंप यांत बँकेच्या हयगयीशिवाय तेही नाही.

एवढे जरूर करा :

१) खरेदीच्या पक्क्या बिलावर सोन्याचे निव्वळ वजन, खड्यांचे वजन, कॅरेट व घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या.

२) हॉलमार्क बघा. १ एप्रिल २०२३ पासून सराफाने विकायच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक लागतो. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो.

३) हॉलमार्क नसलेला आजीचा जुना दागिना आपल्याला विकता येतो. मात्र आधी मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात फी भरून कस तपासून घ्या.

४) दोन-तीन सराफांकडे मोडीचा भाव विचारा. वजन समोर करायला सांगा. खडे काढले तर ते परत मागा.

५) गरज चार-सहा महिन्यांची असेल तर मोडण्याआधी तारणाच्या व्याजाचा हिशेब करा. आपल्या उदाहरणात मोडून पुन्हा तसाच दागिना करायला पन्नास हजार जातात. व्याज त्याहून कमी पडते का, ते बघा.

घरात एका वहीत प्रत्येक दागिन्यापुढे दोन रकाने आखा : 'मोडीला' आणि 'विम्याला'. वही घरातल्या बायकांच्या हाती असावी, कारण डाग त्यांचे आहेत. अडचणीच्या दिवशी पहिला रकानाच बघायचा, दुसरा नव्हे.