धूर कधी येतो ते पाहा : जुन्या गाडीचं ऑइल आणि वॉल्व्ह गाईड

जुनी गाडी ऑइल खाते म्हटलं की गॅरेजमध्ये पहिला शब्द कानावर येतो तो ‘बोअर’. इंजिन उतरवा, बोअर करा, पिस्टन-रिंगा नव्या टाका. पद्मिनीचा किंवा जुन्या मारुती ८०० चा मालक तो खर्च ऐकतो आणि गाडी भंगारात देतो. मंडळी, यातल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं वर हेडमध्ये असतं, खाली सिलिंडरमध्ये नसतं.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा आणि थांबतच नसेल तर पाणी आत जातंय, निळसर म्हणजे ऑइल. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ऑइल कुठून येतंय हे रंगावरून कळत नाही, ते वेळेवरून कळतं.

वडपेकरांना ही तपासणी करायला लांब जायला नको. इथून माजिवड्याकडे निघालं की ट्रॅफिकमध्ये गाडी दहा-दहा मिनिटं नुसती चालू उभी राहते. मग पुढची गाडी हलते, तुम्ही रेस देता आणि मागे निळा ढग! थोडं पुढे गेलात की साफ. ही खूण बहुतेक वेळा गाईडची किंवा तिच्यावरच्या सीलची.

असं का होतं? पाय वर असताना थ्रॉटल बंद असतो. पिस्टन हवा ओढतोय, पण वाट अडलेली, म्हणून इनटेकमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. वॉल्व्हची दांडी ज्या नळीत वरखाली होते ती गाईड. नव्या इंजिनात त्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. ती झिजून वाढली की वरचं ऑइल त्या फटीतून खाली ओढलं जातं, साचतं, आणि रेस दिल्यावर जळतं. नाशिकहून येताना कसारा घाट गिअरमध्ये उतरा, खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबा आणि आरशात बघा, तेच दिसेल. सकाळच्या पहिल्या स्टार्टला एक निळा फुसका येतो, तोही याच घरचा. रात्रभर थेंब झिरपलेले असतात.

(जुन्या डिझेल ट्रकला हे लावू नका. त्यात असा थ्रॉटल नसतो, एवढा व्हॅक्यूमही नसतो.)

रिंगा गेल्या असतील तर चढावर, जोर पडल्यावर धूर येतो, आणि ऑइलचं झाकण काढलं की फकफक हवा बाहेर येते, ज्याला आपण बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. खात्रीसाठी गरम इंजिनचे सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन मोजा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगा. तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मात्र कॉम्प्रेशन उत्तम आलं म्हणून गाईड चांगली ठरत नाही. वॉल्व्ह नीट बसत असेल तर झिजलेली गाईड गेजवर दिसतच नाही, आणि इथेच लोक फसतात.

हे सगळं करण्याआधी गाडीखाली पुठ्ठा टाकून गळती बघा आणि ब्रीदरचा पाइप तुंबलाय का तेही. फुकटचं काम आहे.

उरला प्रश्न सील की गाईड. नुसतं सील कडक झालं असेल तर कित्येक इंजिनांत हेड न उतरवता ते बदलता येतं. वॉल्व्हची दांडी हाताने डुगडुगली तर मात्र नवं सील टिकणार नाही. हेड लेथवाल्याकडे न्या. नवी गाईड ठोकल्यावर वॉल्व्हची सीट पुन्हा कापून घ्यावीच लागते, कारण गाईडचा मध्य थोडा हलतो. ‘गरज नाही’ म्हणणाऱ्याकडे हेड ठेवू नका.