उजवं कोणाचं? आपलं की हेलिकॉप्टरचं?

आपल्या वाङ्मय मंडळाच्या अंकात हेलिकॉप्टर कुठून आलं, असं कुणी विचारण्याआधीच सांगतो: भाषेतून आलं. घरात उडवायचं रिमोटचं छोटं हेलिकॉप्टर शिकताना सगळ्यांत अवघड गोष्ट मोटर नाही आणि बॅटरीही नाही. 'उजवीकडं' हा एक शब्द लोकांना अडवतो. त्या शब्दापाशी पोचलेली बहुतेक हेलिकॉप्टरं पुढं कपाटावर धूळ खात पडतात. तिथवर येतोच, पण आधी यंत्राची ओळख करून घेऊ.

खोलीत उडणारं हेलिकॉप्टर ही आजची गोष्ट नाही. १८७८ साली अमेरिकेत मिल्टन राइट नावाच्या एका बिशपांनी घरी येताना मुलांसाठी एक खेळणं आणलं. बूच, बांबू, कागद आणि रबराची पिळलेली दोरी, एवढंच त्यात होतं. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनोच्या रचनेवरून ते बनवलेलं होतं. खोलीत सोडल्यावर खाली पडण्याऐवजी ते वर गेलं, छताला लागलं, थोडा वेळ तिथंच फडफडलं आणि मग खाली आलं. पोरांनी त्याचं नाव 'वटवाघूळ' ठेवलं. त्या वेळी विल्बर अकरा वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल सात. पुढं याच दोघांनी विमान उडवलं. त्या खेळण्याच्या मोठ्या आकाराच्या नकला त्यांनी लहानपणी करून पाहिल्या होत्या. आकार वाढला की ते नीट उडेना, हेही त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

पेनोच्या खेळण्यात एकमेकांच्या उलट फिरणारे दोन पंखे होते, आणि त्यामागं कारण आहे. पंखा एका बाजूला फिरला की अंग उलट्या बाजूला फिरायला बघतं. टेबलफॅन गोट्यांवर ठेवून चालू केला तर काय होईल, याचा विचार करा. हे आवरायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे शेपटीवर छोटा आडवा पंखा लावून अंग धरून ठेवायचं. १९३९ मध्ये इगोर सिकॉर्स्कीनं हाच मार्ग पक्का केला आणि आज आपण पाहतो ती बहुतेक हेलिकॉप्टरं तशीच असतात. दुसरा मार्ग म्हणजे एकाच दांड्यावर दोन उलटे पंखे. आपल्या नौदलाची कामोव्ह हेलिकॉप्टरं अशीच आहेत. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेलं 'इन्जेन्युइटी'सुद्धा असंच होतं. त्याचे मुख्य अभियंता बॉब बलराम आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले. मंगळापर्यंत रेडिओचा इशारा पोचायलाच काही मिनिटं लागतात, म्हणून ते कुणी रिमोटनं उडवू शकत नव्हतं. त्याचा तोल त्याचा संगणकच सांभाळायचा. आपल्याकडं मात्र तो संगणक म्हणजे आपले दोन अंगठे.

बाजारात या खेळण्यांच्या दोन जाती आहेत. एक सायमा एस१०७ सारखी, म्हणजे दोन उलटे पंखे, तीन चॅनेल आणि टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेड इशारा. हे जवळजवळ आपोआप उभं राहतं, पण बाजूला सरकता येत नाही आणि ऊन आलं की इशारा हरवतो. दुसरी जात डब्ल्यूएलटॉईज व्ही९११ सारखी: एक मोठा पंखा, शेपटीला छोटा, चार चॅनेल आणि रेडिओचा इशारा. माझं मत असं की संध्याकाळची करमणूक हवी असेल तर पहिलं घ्या आणि शिकायचं असेल तर दुसरं. आता उंची आपोआप धरणारीही मिळतात. ती दुसऱ्या दिवशीच उडवता येतात, पण त्यांवर डावा अंगठा काहीच शिकत नाही.

चार चॅनेल म्हणजे चार कामं. बहुतेक रिमोटांवर डावी काडी वर-खाली केली की पंख्याचा वेग बदलतो, म्हणजे उंची. तीच काडी आडवी केली की नाक फिरतं. उजवी काडी पुढं ढकलली की नाक झुकून हेलिकॉप्टर पुढं जातं, मागं ओढली की मागं येतं, आणि आडवी केली की ते त्या कुशीवर कलून सरकतं. काही रिमोटांत वेग उजव्या काडीवर असतो. घेताना बघून घ्या, नंतर हात बदलणं जड जातं.

आता मोहगाव. मध्य प्रदेशातलं, सौंसरजवळचं. २०२३ पर्यंत हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता, आता पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. माझ्या मामाचं हे गाव. मामेबहीण नववीत आहे. तिला वाढदिवसाला असं चार चॅनेलचं हेलिकॉप्टर मिळालं होतं. सोबतचा माहितीचा कागद चिनी आणि इंग्रजीत. तिच्या घरात मराठी आणि शाळेत हिंदी. कागद कुणी वाचला नाही, दोन पाती तुटली आणि हेलिकॉप्टर माळ्यावर गेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा मामीनं मुदत घालून दिली, "शाळा सुरू होईपर्यंत उडलं त ठीक, नाही त देऊन टाकतो बाप्पा कोणाले." मामाचं म्हणणं वेगळं होतं. शिकायचंच तर ड्रोन शिकावा, उद्या संत्र्याच्या बागेवर फवारणीला कामी येईल. मामाचं चूक नाही. पण ड्रोन हात सोडला तरी जागेवर थांबतो. हेलिकॉप्टर थांबत नाही, त्याला थांबवून धरावं लागतं. हे ज्याला जमलं त्याला ड्रोन जड जाणार नाही. (आणि हो, २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या 'नॅनो' ड्रोनसाठी पायलटचा परवाना लागत नाही. ही हेलिकॉप्टरं तर ५० ग्रॅमच्या आसपास असतात.)

पहिली गरज जागेची. भिंतीपासून भिंतीपर्यंत दहा-बारा फूट मोकळी खोली हवी आणि आत वारा अजिबात नको. मे महिन्यात आमच्या भागात हे बोलायला सोपं आहे. कूलर चालू असला तर एवढंसं हेलिकॉप्टर सरळ समोरच्या भिंतीवर जाऊन आदळतं, आणि कूलर बंद केला तर माणूस उकडून निघतो. म्हणून सराव पहाटे, साडेपाच ते सात. छताचा पंखा बंद, नुसता बंद नाही तर बटणावर चिकटपट्टी, कारण घरात कुणीतरी येऊन सवयीनं तो लावतंच. संत्र्याचा हंगाम संपलेला असल्यानं मामाचं गोडाऊन रिकामं होतं. तिथं जमिनीवर खडूनं एक मीटरचा चौकोन आखला आणि मधोमध पाट ठेवला. जेवायचा पाट ही उतरायला उत्तम जागा. सपाट असतो आणि पायाखालच्या फटींत अडकत नाही.

सुरुवातीला सगळे एकच गोष्ट करतात. डावी काडी थोडी वर केली, काही झालं नाही, म्हणून आणखी वर केली, आणि मग ते एकदम छताला. घाबरून काडी खाली ओढली की धाडकन जमिनीवर. कारण साधं आहे. या छोट्या हेलिकॉप्टरांत उंची पंख्याच्या वेगावर असते, आणि पंख्याला वेग घ्यायला क्षणभर लागतो. हात त्या क्षणाच्या पुढं पळतो. म्हणून पहिले चार-पाच चार्ज फक्त बोटभर उड्या मारायच्या: उचल, टेकव, उचल, टेकव. कोणत्या जागी काडी आली की ते जमीन सोडतं, ते अंगठ्याला कळलं पाहिजे. डोक्याला कळून उपयोग नाही.

पण जमिनीलगत फार रेंगाळूही नका. पंख्यानं खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून परत वर येते आणि हेलिकॉप्टर तेलावर ठेवल्यासारखं सरकतं. भिंतीजवळ तीच हवा गोल फिरून वरून येते, तर छताजवळ गेलं की ते छताकडंच ओढलं जातं. म्हणून उड्या जमल्या की सरळ कमरेएवढ्या उंचीवर जायचं. तिथं ते जास्त शांत असतं.

आणि एक नियम पाठच करून टाका. पातं कशालाही लागलं की डावी काडी लगेच शून्यावर. अडकलेली मोटर चालू राहिली तर तापते, जळते, किंवा प्लॅस्टिकचे दाते झिजतात. पडून मोडतं त्यापेक्षा अडकल्यावर काडी न सोडल्यानं जास्त मोडतं. पडणार तर आहेच. पाती जोडीनं मिळतात, सुरुवातीलाच दोन जोड्या जास्तीच्या घ्या.

जागेवर तरंगणं म्हणजे जागेवर राहणं नव्हे, हे समजायला वेळ लागतो. आपल्याला ते स्थिर दिसतं, पण आत सतत काही ना काही चालू असतं. ते डावीकडं कलतं, आपण जरासं उजवं देतो, आणि ते परत येण्याआधीच काडी मधे आणतो. हे 'आधी' महत्त्वाचं. परत आल्यावर काडी सोडली तर ते पलीकडं जातं, मग उलट दुरुस्ती, ती आणखी मोठी, आणि झोका वाढत वाढत भिंत. सायकल शिकताना हँडल असंच होतं. ते हळूहळू सारखं एकाच बाजूला जात असेल तर मात्र दोष हाताचा नाही. रिमोटवर ट्रिमची छोटी बटणं असतात, त्यांनी उलट्या बाजूला एक-एक टिचकी द्यायची.

एवढं सगळं शेपूट आपल्याकडं ठेवून. म्हणजे बैलगाडी हाकणारा बसतो तसं: बैलांच्या मागं. बैलाचं उजवं तेच गाडीवानाचं उजवं. नाशिकच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये लष्कराचे वैमानिक हेलिकॉप्टर शिकतात, पण ते आत बसलेले असतात. यंत्र कुठंही तोंड करो, त्यांचं उजवं बदलत नाही. ही अडचण फक्त जमिनीवर उभं राहून उडवणाऱ्याची.

आठव्या की नवव्या दिवशी मामेबहिणीनं पहिल्यांदा नाक आपल्याकडं वळवलं आणि ओरडली, "दादा, मी उजवीकडं दाबून राहिली, अन् हे डावीकडं जाऊन राहिलं!" मग काडी शून्यावर आणून, ते पाटावर उचलून ठेवून तिनं विचारलं, "उजवं कोणाचं धरायचं? माझं का त्याचं?"

पुस्तकी उत्तर असं की हेलिकॉप्टरचं धरा, मनानं त्याच्या आत बसा. खरं आहे, पण समोरून सरसर येणाऱ्या हेलिकॉप्टरच्या आत बसायला सवड कुणाला असते? विचार पूर्ण होईपर्यंत ते आपल्या पोटावर असतं. गोडाऊनच्या दाराबाहेर बांबू रचून ठेवलेले होते. संत्र्याच्या लदलदलेल्या फांद्यांना हंगामात टेकू द्यायला लागतात ते. तिथून उत्तर मिळालं. नाक आपल्याकडं असताना हेलिकॉप्टर ज्या बाजूला झुकेल, उजवी काडी त्याच बाजूला न्यायची, खालून टेकू दिल्यासारखी. आपल्या उजव्या हाताकडं झुकलं तर काडी उजवीकडं. आपल्या अंगावर येत असेल तर काडी अंगाकडं. 'उजवं कोणाचं' हा प्रश्नच उरत नाही. कुठं झुकलं ते बघायचं आणि टेकू द्यायचा.

हे चालतं, कारण समोरासमोर असताना यंत्राची बाजू आणि आपली बाजू नेमकी उलटी असते. आपल्या उजवीकडं कलणं म्हणजे त्याचं डावीकडं कलणं. ते सरळ करायला त्याचं उजवं द्यावं लागतं, आणि काडीवर ते उजवीकडंच असतं. तिला मी हे समजावलं नाही. 'टेकू' एवढं पुरलं. मी दुरून नुसतं "टेकू, टेकू" म्हणायचो. इंग्रजी कागदावर हे कुठंच नव्हतं.

टेकू फक्त उजव्या काडीचा, हे लक्षात ठेवा. नाक फिरवणाऱ्या डाव्या काडीला तो लावला तर घोटाळा होईल. तिच्यासाठी डावं-उजवं म्हणूच नका. वरून, छतावरून पाहतोय असं समजा. काडी उजवीकडं म्हणजे घड्याळाच्या काट्यांसारखं फिरणं. नाक कुणीकडंही असो, हे बदलत नाही. आणि सगळंच हातातून सुटायला लागलं तर शेपूट आपल्याकडं फिरवून घ्यायचं, घरी आल्यासारखं वाटतं. एकदम समोर तोंड करण्याऐवजी आधी तिरपं, मग पूर्ण आडवं, दोन्ही बाजूंना, आणि शेवटी समोर. प्रत्येकाला दोन-दोन दिवस दिले तर बरं.

दिवस मोजायचे ते बॅटरीनं. एका चार्जवर सहा-सात मिनिटं उडतं आणि चार्जला पाऊण तास लागतो. म्हणजे एका बॅटरीवर दीड तासाच्या पहाटेत दोनच उड्डाणं. आणखी दोन बॅटऱ्या घेतल्या की सराव खऱ्या अर्थानं सुरू होतो. या लिथियम पॉलिमरच्या एका सेलच्या असतात, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. जोर कमी झाला असं वाटलं की लगेच उतरवायचं. पार रिकामी केली तर ती कायमची मरते. उडवून झाल्यावर गरम असते, ती निवू द्यायची, मगच चार्ज. गादीवर ठेवून किंवा लावून झोपी जाऊन चार्ज करायची नाही. फुगली तर फेकायचीच, टोचून बघायची नाही. आणि आमच्याकडच्या मे महिन्यात ती खिडकीतल्या उन्हात कधीच ठेवायची नाही.

नाक समोर ठेवून पूर्ण एक चार्ज तरंगता आलं की पुढचा धडा आठचा. मराठी ८ नाही, तो मधेच सुटतो. इंग्रजी आठचा आकडा, आडवा पाडलेला. त्यात डावं वळण येतं, उजवं येतं, शेपूट येतं आणि नाकही येतं. जवळपास प्रत्येकाची एक बाजू सोपी आणि एक बाजू कच्ची असते. कच्ची बाजू कोणती, हे आठ काढल्याशिवाय कळत नाही. पुढं पात्यांचा कोन बदलणारी मोठी हेलिकॉप्टरं आहेत, पण ती घरात आणायची नाहीत.

शाळा सुरू झाली आणि हेलिकॉप्टर मोहगावलाच राहिलं. मामेबहिणीच्या आठचा डावा अर्धा आता गोल येतो. उजवा अर्धा अजून पोत्यांच्या थप्पीला घासून जातो. थप्पी हलवायला मामा दिवाळीशिवाय तयार नाही.