साध्या वेशातली मर्सिडीज : ५०० ई घेण्याआधी काय काय पाहावं



यंदाच्या गणपतीत पार्किंगमध्ये उभी असलेली ती जुनी काळी मर्सिडीज कोणाची, असं बऱ्याच जणांनी विचारलं. एका काकांनी तर अगदी आपुलकीने, "अरे, एवढी जुनी का घेतलीत? काही अडचण आहे का?" असंही विचारलं! प्रत्येकाला उभ्या उभ्या सगळं सांगणं जमलं नाही. शिवाय आपल्यापैकी दोन-तीन जणांच्या मनात अशीच एखादी जुनी जर्मन गाडी घोळते आहे असं बोलण्यातून कळलं. म्हणून हा लेख. लेख थोडा लांबला आहे, चहा घेऊन बसा.

आधी गाडीची ओळख. मर्सिडीजने १९८४ च्या शेवटी एक मॉडेल काढलं, कंपनीच्या भाषेत डब्ल्यू १२४. सगळे प्रकार धरून अशा पंचवीस लाखांवर गाड्या निघाल्या. जर्मनीत ती टॅक्सी म्हणून धावली, आणि आपल्या पुणेकरांना तर ती घरचीच, कारण मर्सिडीजने भारतात पहिली गाडी बनवली ती हीच. १९९५ साली, पिंपरीला टेल्कोच्या आवारात. ई २२० हे तिचं नाव. आमच्यातल्या एकाचे वडील तेव्हा टेल्कोत होते. त्यांनी घरी येऊन त्या गाडीच्या दाराचा आवाज तोंडाने काढून दाखवला होता! तेव्हापासून घरात "दार कसं लागलं पाहिजे" याचं माप ठरून गेलं.

पण ई २२० ला एक थोरलं भावंड होतं, ते भारतात आलं नाही. त्याचं नाव ५०० ई. १९९० च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात ते लोकांसमोर आलं. बाहेरून बघाल तर तीच टॅक्सीवाली गाडी. मडगार्ड किंचित फुगलेले, उंची जरा कमी, बस. बॉनेटखाली मात्र पाच लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ३२ व्हॉल्व्ह, ३२६ अश्वशक्ती. ई २२० ची ताकद दीडशेच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त. शून्य ते शंभर किलोमीटर सहा सेकंदांच्या आसपास, आणि ताशी २५० ला इलेक्ट्रॉनिक लगाम. आज एखादी साधी विजेची गाडीही असा वेग गाठते, त्यामुळे आकड्यांनी कोणी भुलू नये. १९९१ मध्ये चार दारांच्या घरगुती गाडीत हे होतं, हे महत्त्वाचं.

ती बनली कशी हीही गंमतच आहे. त्या काळात पोर्शे कंपनी अडचणीत होती. अमेरिकेतला खप कोसळला होता आणि कारखान्यात हातांना काम नव्हतं. मर्सिडीजने १९८८ मध्ये या गाडीच्या विकासाचं काम पोर्शेला दिलं. पुढे असं लक्षात आलं की मडगार्ड रुंद केल्यामुळे ही गाडी मर्सिडीजच्या झिंडेलफिंगनच्या नेहमीच्या लाइनवर बसतच नाही! मग जोडणीही पोर्शेकडेच गेली. सांगाड्याचे भाग झिंडेलफिंगनहून पोर्शेच्या त्सुफेनहाउझेनला जायचे, तिथे सांगाडा उभा राहायचा. रंगासाठी तो परत झिंडेलफिंगनला. रंगून झाला की पुन्हा पोर्शेकडे, इंजिन आणि बाकीची जोडणी करायला. आणि शेवटची तपासणी पुन्हा मर्सिडीजकडे. दोन्ही गावं स्टुटगार्टला लागून, म्हणून हे जमलं. एका गाडीला १८ दिवस लागत. लग्नघरातल्या रुखवतासारखी ये-जा! १९९५ मध्ये उत्पादन थांबलं तोवर १०,४७९ गाड्या झाल्या होत्या. त्यातल्या साधारण पंधराशे अधिकृतपणे अमेरिकेत विकल्या गेल्या, १९९२ ते १९९४ या तीन वर्षांत. १९९४ मध्ये नाव उलटं करून ई ५०० केलं, गाडी तीच.

आम्हाला ती का हवी होती? एक तर ती मिरवत नाही. लाल रंगाची, छप्पर उघडणारी गाडी दारात उभी केली असती तर आम्हालाच अवघडल्यासारखं झालं असतं. दुसरं म्हणजे ती खरोखर चार माणसांची आहे. नीट वाचा, चारच! मागे दोन वेगळ्या खुर्च्या आहेत, मधे बसायला जागाच नाही. ज्यांच्या घरी आई-बाबा सहा महिने येऊन राहतात त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

नवी होती तेव्हा तिची किंमत ऐंशी हजार डॉलर्सच्या घरात होती. आम्ही एच-वनवर इथे आलो तेव्हा दोन सुटकेस आणि एक कुकर एवढाच संसार. त्यामुळे तेव्हा विषयच नव्हता. पुढे घर झालं, मुलं झाली, मग एक वेगळं खातं उघडून त्यात दर महिन्याला थोडे थोडे टाकू लागलो. हे खातं दोनदा रिकामं झालं. एकदा पुण्यात बाबांच्या खुब्याच्या ऑपरेशनला, एकदा मुलीच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. दोन्ही वेळा वाईट वाटलं नाही, पण या मधल्या वर्षांत गाडीच्या किमती वर जात राहिल्या हेही खरं. आता चांगल्या स्थितीतली ५०० ई नव्या कॅमरीपेक्षा महाग पडते. आमचा नियम एकच होता : गाडीसाठी कर्ज काढायचं नाही, निवृत्तीच्या पैशाला हात लावायचा नाही, आणि गाडीची किंमत दिल्यावर खात्यात त्या किमतीचा निदान पाचवा हिस्सा उरला पाहिजे. तो उरलेला हिस्सा कशासाठी, ते आता सांगतो.

या गाडीचा सगळ्यात मोठा दुखरा भाग म्हणजे इंजिनाचं वायरिंग. नव्वदीच्या सुरुवातीच्या या गाड्यांमध्ये तारांवरचं आवरण अशा मालाचं होतं की इंजिनाच्या उष्णतेने ते काही वर्षांत ठिसूळ होतं आणि बिस्किटासारखं गळून पडतं. तारा उघड्या पडल्या की एकमेकींना लागतात. मग इंजिन अडखळतं, कधी चालूच होत नाही, आणि महागडे कॉम्प्युटर जळू शकतात. वायरिंग बदललं आहे का, हा पहिला प्रश्न. विकणारा "हो" म्हणाला म्हणजे झालं असं नाही. नव्या वायरिंगवर तारखेची पट्टी असते, ती स्वतः डोळ्यांनी पाहा, आणि बिल मागा. असंच दुखणं इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या आतल्या तारांनाही असतं, त्याचीही वेगळी चौकशी करावी. वायरिंग नवं आणि थ्रॉटल जुनं, अशा गाड्या पुष्कळ आहेत.

बाकीचं थोडक्यात. गाडी थंड असतानाच पाहायला जा. मालकाने तुम्ही यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. सुरू होताना वरून खडखड ऐकू आली तर टायमिंग चेनच्या प्लॅस्टिक पट्ट्या किंवा वरच्या तेलाच्या नळ्या संपल्या असू शकतात. रिव्हर्स टाकून बघा, लगेच पकडलं पाहिजे. दोन डिस्ट्रिब्युटर कॅप असतात, ओलसर हवेत त्या त्रास देतात. मागचं सस्पेन्शन तेलाच्या दाबावर स्वतःची उंची सांभाळतं, त्यातले गोळे संपले की गाडी बैलगाडीसारखी उसळते. एसी नक्की चालवून बघा, कारण त्याचा आतला भाग बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो आणि मजुरीचं बिल पाहून घाम फुटतो, एसी नसतानाही!

गंज हा न्यू जर्सीत, एकूणच ईशान्येत, वेगळा विषय. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. या गाडीच्या बाजूला खाली प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या आहेत, त्यामागे गंज लपतो. जॅक लावायच्या जागा आणि पुढच्या मडगार्डची खालची टोकं हात लावून तपासा. टॉर्च न्या आणि खाली झोपायला एक जुनी सतरंजी न्या. लाज बाळगू नका.

आता कागदपत्रं. आमच्या मते खरी खरेदी इथेच होते. मैलांच्या आकड्यावर फार विसंबू नका. या गाड्यांच्या मीटरमधलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक तुटतं आणि आकडा वर्षानुवर्षं जागेवर थांबतो. शिवाय अमेरिकेच्या नियमाप्रमाणे २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलच्या गाड्यांना विकताना मैल लिहून देण्याचं बंधन आता राहिलेलं नाही. म्हणून बिलं मागा. प्रत्येक बिलावर तारीख आणि मैल असतात. ती ओळीने लावली की गाडीची जन्मपत्रिका तयार होते. टायटल विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना, त्यावर कोणत्या बँकेचा बोजा नाही ना, सॅल्व्हेजचा शिक्का नाही ना, हे बघायचंच. व्ही.आय.एन.मध्ये सुरुवातीला अमेरिकन गाडीला 'डब्ल्यू डी बी ई ए ३६' असं येतं. साध्या ई-क्लासला ५०० चा बिल्ला चिकटवून विकणारे महाभागही असतात.

आम्ही एकूण चार गाड्या पाहिल्या. त्यातली एक फोटोत इतकी सुंदर होती की चेक लिहायला हात शिवशिवत होते. मैल कमी, रंग आरशासारखा. आम्ही म्हटलं, आमच्या खर्चाने एका स्वतंत्र मेकॅनिककडून तपासून घेतो. मालक म्हणाला, "इतके लोक रांगेत आहेत, तपासणी वगैरे नाही." आम्ही आभार मानून निघालो. परतीच्या रस्त्यावर गाडीत कोणी बोललं नाही. पण तपासणीला नाही म्हणणाऱ्याकडून तीस वर्षांची गाडी घेणं म्हणजे मुलगी न बघता लग्न ठरवणं, आणि तेही हुंडा आपणच देऊन!

शेवटी मिळाली ती १९९२ ची, ॲरिझोनातली. रंग उन्हाने थोडा विटलेला, पुढची डावी खुर्ची झिजलेली, मैल भरपूर. पण बिलांची फाइल टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड, वायरिंग आणि थ्रॉटल दोन्ही बदललेले, खाली गंज नाही. तिथल्याच, फक्त जुन्या मर्सिडीज करणाऱ्या एका मेकॅनिकने तीन तास तपासून सोळा पानांचा अहवाल फोटोंसकट पाठवला. त्यात काढलेल्या दोषांवर किंमत उतरवून घेतली. पैसे बँकेत समोरासमोर दिले आणि टायटल तिथेच हातात घेतलं. गाडी बंद ट्रकने आली. बाबांना व्हिडिओवर दाखवली तर म्हणाले, "इंजिन नंतर. आधी दार लावून ऐकव." तीनदा ऐकलं त्यांनी.

बाहेरच्या देशातून आणायची असेल तर तोही रस्ता आहे. पंचवीस वर्षांहून जुनी गाडी अमेरिकेच्या सुरक्षा नियमांतून सुटते, त्यामुळे आता सगळ्याच ५०० ई आणता येतात. जपानमध्ये पुष्कळ गेल्या होत्या आणि तिथे नीट सांभाळल्या जातात असा लौकिक आहे. मात्र जहाजाचं भाडं, कस्टम्स ब्रोकर आणि त्या वेळचं आयातशुल्क हे सगळं आधी लेखी घ्या, आणि गाडी न पाहता घ्यायची आमची तरी छाती झाली नाही.

विमा नेहमीच्या पद्धतीचा घेऊ नका. त्यात अपघात झाला तर कंपनी बाजारभाव ठरवते, आणि तिच्या हिशेबात ही फक्त एक तीस वर्षांची जुनी गाडी असते. जुन्या गाड्यांसाठी वेगळी पॉलिसी मिळते, तीत रक्कम आधीच दोघांच्या संमतीने ठरते. अटी साधारण अशा : गाडी गॅरेजमध्ये राहिली पाहिजे, रोजच्या वापराला घरात दुसरी गाडी हवी, वर्षाला ठरावीक मैलांच्या आत. हप्ता आमच्या रोजच्या गाडीपेक्षा कमी आला याचं आश्चर्य वाटलं. न्यू जर्सीत पंचवीस वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते, पण मग ती प्रदर्शनं वगैरेंपुरतीच चालवायची असते. आम्हाला रविवारी इडली खायला एडिसनला जायचं असतं, म्हणून साधीच प्लेट घेतली.

पहिल्या वर्षाचा खर्च? टायर, मागच्या सस्पेन्शनचे गोळे, इंजिनाचे माउंट, सगळे रबरी पाइप आणि तेलं. वेगळा ठेवलेला पाचवा हिस्सा जवळजवळ निम्मा संपला. अपेक्षित होतं, त्यामुळे घरात आवाज चढले नाहीत. डब्ल्यू १२४ चे बरेच भाग अजून मिळतात, फक्त ५०० ई चे खास भाग दुर्मिळ आणि महाग. पेट्रोल प्रीमियमच लागतं, आणि गावात गॅलनला चौदा-पंधरा मैलांच्या वर आम्हाला कधी मिळालं नाही. डिसेंबर ते मार्च गाडी गॅरेजमध्ये, बॅटरी चार्जरवर. (बॅटरी डिकीत आहे बरं का, बॉनेटखाली शोधत बसू नका. इंजिनाने तिथे जागाच ठेवलेली नाही.)

आपल्यापैकी कोणी अशी गाडी पाहायला जाणार असेल तर जरूर हाक मारा. टॉर्च आणि सतरंजी आमच्याकडे आहे.