नारळ फुटतात, कालवे अपुरे राहतात

हिंगोली व यवतमाळ या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगेला अडवून इसापूरचे धरण १९८० च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. भिंत उभी राहिली, पाणी साठले. परंतु ते पाणी ज्या शेतांसाठी साठविले त्या शेतांपर्यंत नेणारे कालवे, वितरिका आणि चाऱ्या यांचे काम पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले. केंद्र सरकारने प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेखाली रखडलेल्या ९९ प्रकल्पांची देशव्यापी यादी केली. तीत महाराष्ट्राचे २६ प्रकल्प होते आणि त्यांत ऊर्ध्व पैनगंगेचेही नाव होते. धरणाच्या पायथ्याशी जन्मलेले मूल तोवर स्वतः कुटुंबप्रमुख झालेले असणार. एवढा अवधी कोणत्याही अभियंत्याने आपल्या अंदाजपत्रकात लिहिला नसेल.

अंदाज चुकतो याचे नवल नाही. नवल याचे, की तो नेहमी एकाच दिशेने चुकतो. भंडाऱ्याच्या गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ साली मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत ३७२ कोटी रुपये होती. पुढील तीन-चार दशकांत ती अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेली. यात महागाईचा वाटा आहेच. परंतु महागाई ही सबब पुरेशी नाही, कारण विलंब झाला नसता तर महागाईला शिरकावच मिळाला नसता. आपल्याकडे प्रशासकीय मान्यता ठोकळ अंदाजावर मिळते. कालव्याच्या मार्गाचे सविस्तर सर्वेक्षण मागाहून होते, भूसंपादनाचा खरा खर्च त्याहून मागाहून कळतो आणि मराठवाड्यातील काळी चिकण जमीन फुगून व आकसून अस्तरीकरणाला तडे देते हे तर काम झाल्यावरच आठवते. मग ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ घ्यावी लागते. सरकारी कार्यालयांत तिला ‘सुप्रमा’ असे लाडके नाव पडले आहे. ज्या गोष्टीला टोपणनाव मिळते ती अपवादात्मक राहिलेली नसते, एवढा निष्कर्ष त्यावरून काढण्यास हरकत नसावी.

मानवी बुद्धीचा हा दोष जगभर आढळतो. डॅनियल काहनेमन व एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली त्याची चिकित्सा केली: माणूस हाती घेतलेल्या कामाकडे आतून पाहतो आणि तशाच जुन्या कामांचे काय झाले हे विसरतो. बेंट फ्लिव्बर्ग या डॅनिश अभ्यासकाने पुढे मोठमोठ्या प्रकल्पांचे हिशेब तपासून तेच दाखविले. यावरचा उपाय साधा आहे. नवा कालवा किती वर्षांत होईल हे त्याच्या आराखड्याला विचारू नये. तशाच जमिनीतून गेलेल्या दहा जुन्या कालव्यांना प्रत्यक्षात किती वर्षे लागली हे विचारावे. जलसंपदा विभागाच्या दप्तरात ही माहिती पडून आहे. तिचा उपयोग नव्या प्रकल्पाची किंमत ठरविताना किती होतो, हा प्रश्न एखाद्या आमदाराने सभागृहात विचारावा अशी सूचना करावीशी वाटते.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या कंपन्यांनाही हीच व्यथा जडली होती. तेथील सतरा जाणकारांनी २००१ साली अमेरिकेतील यूटा राज्यात एकत्र येऊन ‘अजाइल’ या नावाने एक जाहीरनामा काढला. पुढे बँका, विमा कंपन्या व कारखानदारी यांतील मोठमोठ्या संस्थांनी ती पद्धत उचलली. तिच्याभोवती सल्लागारांनी जमविलेले पारिभाषिक अवडंबर बाजूला सारले तर दोन-तीन शहाणपणाच्या गोष्टी हाती राहतात. काम लहान, वापरता येतील अशा तुकड्यांत पुरे करावे; एका वेळी थोडीच कामे हाती घ्यावीत; आणि प्रत्येक तुकड्याच्या अनुभवावरून पुढचा अंदाज दुरुस्त करावा.

यांतील दुसरी गोष्ट आपल्याला सर्वांत अवघड जाते. समजा, प्रत्येकी शंभर कोटींची दहा कामे आहेत आणि वर्षाला शंभर कोटीच मिळतात. सर्वांना दहा-दहा कोटी वाटले तर नऊ वर्षे एकाही शेतात पाणी जात नाही आणि दहाव्या वर्षी सगळी कामे एकदम संपतात, तेही भाव स्थिर राहिले तर. एकामागून एक केली तर पहिल्या कामाचे पाणी दुसऱ्या वर्षीच शेतात खेळू लागते. शेवटच्या कामाला दोन्ही रीतींनी दहाच वर्षे लागतात. उरलेली नऊ मात्र आधी पुरी होतात. हे गणित चौथीच्या मुलाला समजते. मंत्रिमंडळाला ते समजत नाही असे नव्हे. परंतु पहिल्या रीतीत दहा नारळ फुटतात आणि दुसरीत एक, हेही मंत्रिमंडळाला समजते.

१९९६ पासून दोन वर्षांत राज्यात सिंचनाची पाटबंधारे महामंडळे एकामागून एक स्थापन झाली. १९९८ साली गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ अस्तित्वात आले. ती कंपनीच्या धर्तीवर कर्जरोखे काढून पैसा उभारतील आणि कामे वेगाने पुरी करतील, अशी कल्पना होती. कृष्णा खोऱ्यात तर बच्छावत लवादाने दिलेले पाणी २००० सालापर्यंत अडविण्याची घाई होती. त्या घाईत कामे सुरू करण्यालाच काम म्हटले जाऊ लागले. दशकभरात सिंचनात अवघी ०.१ टक्क्याची वाढ झाली, या आर्थिक पाहणीतील आकड्यावरून २०१२ साली जो गदारोळ उठला आणि ज्यातून माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समिती नेमली गेली, त्याचे मूळ भ्रष्टाचाराइतकेच या घाईतही आहे. भ्रष्टाचाराची चर्चा खूप झाली. प्राधान्यक्रमाची व्हावी तेवढी झाली नाही.

तथापि, ‘जे पूर्णत्वाच्या जवळ आहे ते आधी पुरे करा’ हा नियम हिंगोलीसारख्या जिल्ह्याने डोळे मिटून स्वीकारावा काय? १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा सिंचनाच्या अनुशेषाची तक्रार जन्मापासून करीत आला आहे. जेथे कामे सुरूच झाली नाहीत तेथे पूर्णत्वाच्या जवळ काय असणार? या नियमाने ज्याला पूर्वी मिळाले त्यालाच पुन्हा आधी मिळेल. दांडेकर समितीने १९८४ साली अनुशेष मोजला तो याच अन्यायाची दखल घेऊन. म्हणून प्राधान्य ठरविताना उरलेला खर्च आणि विलंबामुळे होणारी हानी ही दोन्ही तराजूत घालावी लागतील. सिद्धेश्वर व येलदरीच्या पाण्यावर वसमतकडे हळद आणि ऊस उभे राहिले; त्याच जिल्ह्यात सेनगावकडचा कोरडवाहू शेतकरी सोयाबीनच्या एका हंगामावर वर्ष काढतो. एक वर्षाचा उशीर या दोघांना सारखाच महाग पडत नाही. हे माप अनुशेषाच्या हेक्टरांत उमटत नाही.

धरण हे संगणकाच्या आज्ञावलीसारखे पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्यांत बांधता येत नाही, हे खरे. अर्धी भिंत निरुपयोगीच नव्हे, धोक्याची असते. परंतु कालव्याची गोष्ट वेगळी आहे. मुखापासून पुच्छाकडे जात, एकेक वितरिका चारीसह पुरी करून, पाणीवापर संस्थेच्या ताब्यात देऊन मग पुढे सरकणे शक्य आहे. २००५ च्या कायद्याने अशा संस्थांना आधारही दिला आहे. प्रत्यक्षात मुख्य कालव्याचे खोदकाम आधी लांबवर नेले जाते, कारण मातीकामाच्या निविदा मोठ्या असतात; चाऱ्या मागे राहतात, कारण त्या किरकोळ असतात.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ प्रयोगशाळा व्हायची आहे. प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेल्या या प्रकल्पाला केंद्राने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली, तेव्हा खर्च सुमारे १,२६० कोटी सांगितला जात होता. एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मान्यता मिळाली ती २,६०० कोटींची, २०३० पर्यंत पुरा करण्याच्या बोलीवर. प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म कंपन मोजू पाहणाऱ्यांनाही खर्चाचा अंदाज सात वर्षांत दुपटीने वाढवावा लागला. तेव्हा पाटबंधाऱ्यांच्या उपअभियंत्याला एकट्यालाच दोष देऊ नये. आपल्या हाताखालच्या वितरिकांपैकी कोणती पुढच्या रब्बीला पाणी देईल आणि कोणती देणार नाही, एवढे त्याने दर दिवाळीला गावच्या चावडीवर लिहून लावावे, आणि मागील दिवाळीला लावलेला कागद काढू नये.